सहाव्या टाकीचं विरजण

९ जानेवारी

चि. टिटवीस,
मामाचे आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ लगेच तक्रार.

फोन केला की तू म्हणतेस, "बरी आहे, मीटिंगमध्ये आहे." खरोखर बरी असलेली माणसं इतक्या घाईने बरी नसतात. म्हणून पत्र लिहितो आहे. पत्राला मीटिंग नसते.

माझं ठीक. नववीचा संस्कृतचा वर्ग मला शिक्षा समजतो, मी त्याला, फिट्टंफाट. परवा गणिताच्या सरांनी विचारलं, "तुमची भाची नेमकं करते काय?" मी म्हटलं, "किण्व पाळते." त्यांना ती कुत्र्याची जात वाटली. मग सांगावं लागलं की किण्व म्हणजे यीस्ट, पाव फुगवतं ते, आणि आमची टिटवी त्यापासून गाड्यांचं इंधन काढते. ते म्हणाले, "पावापासून पेट्रोल?" पुढे मलाही येत नव्हतं, म्हणून मी गूढ हसलो. शिक्षकी पेशात ते चालतं.

तर ते मला समजेल असं लिहून पाठव. आणि दुसरं. पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या: इंधनाच्या कारखान्यात टाकीच्या झाकणात हात सापडून एक कर्मचारी गंभीर, रुग्णालयात पोलीस पहारा. कारखाना तुमचाच. झाकणात हात सापडलेल्या माणसावर पहारा कशासाठी? तो झाकण घेऊन पळणार आहे का?

टाक्यांची शेड जावईबापूंच्या हाताखाली आहे, तेव्हा त्यांना ठाऊक असेलच. त्यांना नमस्कार सांग.

तुझा,
मामा


१५ जानेवारी

प्रिय मामा,

आधी पावापासून पेट्रोल.

आम्ही यीस्टमध्ये दुसऱ्या जिवांची थोडी जनुकं घालतो. मग ते भुशातली, वाळक्या गवतातली साखर खाऊन इंजिनात चालणारं इंधन बनवतं. गंमत पुढेच आहे. ते इंधन यीस्टला स्वतःला विष असतं. जो जीव जास्त राबेल तो लवकर मरेल. म्हणून राबूनही तगणारं वाण मला शोधावं लागलं. विष घालायचं, अब्जावधी मारायचे, उरतील ते उचलायचे, पुन्हा विष. असं तीन वर्षं केलं. तू लहानपणी मला मुंगीसुद्धा मारू द्यायचा नाहीस. ते मूळ वाण आता प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये चिमुकल्या बाटल्यांत गोठवून ठेवलं आहे.

शेडमध्ये तिमजली घराएवढ्या सहा टाक्या आहेत. पावसाळा संपल्यापासून इंधन कमी येऊ लागलं. डिसेंबरात सहावी टाकी उघडली तर आत नुसतं आंबट पाणी. मग सगळे चोर शोधायला लागले. कुणीतरी टाकीत दुसरे जंतू सोडले, असं शेडमध्ये ठरलं. कुणी सोडले तेही ठरलं.

आमच्याकडे नमुने घेणारा एक माणूस आहे. काडीसारखा, आवाज बारीक, हातात मोठी सिरिंज. टाकीला टोचतो, चमचाभर काढतो, पुढच्या टाकीकडे जातो. शेडने त्याचं नाव ठेवलं डास.

त्या दिवशी आरडाओरडा ऐकून मी वरच्या लोखंडी गॅलरीत आले. खाली दहाएक माणसांचं रिंगण आणि मध्ये डास. तो काहीतरी ओरडून सांगत होता. पंपांच्या घरघरीत मला शब्द कळले नाहीत. पाना त्याच्या तोंडावर बसला आणि शब्द थांबले. दुसऱ्यांदा बसला तेव्हा चष्मा फुटून डोळ्यात गेला. मग त्याला फरफटत टाकीच्या पायथ्याशी नेलं, ज्या हाताने टोचतो तो हात साफसफाईला माणूस आत शिरतो त्या भोकाच्या काठावर धरला आणि झाकण सोडलं. झाकण दोन माणसांना मिळून उचलावं लागतं. फांदी मोडल्यासारखा आवाज येतो असं पुस्तकात लिहितात. तसा आला नाही. बादली आपटल्यासारखा आला, आणि किंकाळी बरीच नंतर.

दुपारी कॅन्टीनमध्ये एकजण त्याची नक्कल करत होता. "बोल की, एरवी तर कानाशी गुणगुणत असतोस." लोक हसत होते. आता शेडमध्ये म्हणतात, "डास मारला."

उजवा डोळा गेला. जबडा तारेने बांधला आहे. आणि पहारा अशासाठी की आरोपी तोच आहे. मॅनेजरने तक्रार दिली, टाकी नासवल्याची. त्याला मारणारे साक्षीदार आहेत.

मी ठीक आहे.

टिटवी


२० जानेवारी

चि. टिटवीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी जेवलो नाही. मला ओळखणाऱ्या कुणालाही यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळेल.

आमच्या शास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात. ताडावर कावळा बसला, त्याच क्षणी फळ पडलं, लोकांनी कावळ्याला धरलं. तुमचा डास तर सगळ्याच ताडांवर रोज बसणार. ती त्याची नोकरी. फळ केव्हाही पडलं तरी तो जवळपास सापडणारच. हे समजायला न्यायशास्त्र लागत नाही. पण हातात पाना असला की शास्त्र आठवतही नाही.

आता एक विचारतो. तुझ्या पत्रात दहा माणसं आहेत, कॅन्टीनमधला नकलाकार आहे, झाकणाचं वजनदेखील आहे. शेडचा फोरमन तेवढा कुठे दिसला नाही. पान्याला धरणारा हात असतो, टिटवे. तुझ्या पत्रातला पाना आपला आपण हवेतून येतो.

जावईबापू त्या दिवशी रजेवर होते का?

मामा


२९ जानेवारी

प्रिय मामा,

रजेवर नव्हता. पाना त्याच्याच हातात होता. झाकणही त्यानेच सोडलं.

घरी आला, कोपरापर्यंत हात धुतले, म्हणाला, "आज टाक्यांना झोप लागेल." मला वाटलं, त्याला खरंच तसं वाटतं. त्या टाक्या त्याने स्वतः उभ्या केल्या आहेत. रविवारी तो त्यांच्याकडे चक्कर मारून येतो, लोक नातवंडांकडे जातात तसा.

मग परवा चहा घेताना तो सहज बोलून गेला. मी म्हणत होते की नवी टाकी लावायची तर फ्रीजरमधून ताजी बाटली काढावी लागेल. नियम तसाच आहे: प्रत्येक टाकी मूळ बाटलीपासून. बाटलीतून फ्लास्क, फ्लास्कमधून लहान टाकी, मग मोठी, आठवडा जातो. तो हसला.

"तुमच्या बाळबाटल्या आम्ही उन्हाळ्यापासून वापरतच नाही."

"मग टाकी लावता कशी?"

"विरजण. जुन्या टाकीतलं तळाला थोडं ठेवायचं, त्यावर नवीन भरायची. आठवडा वाचतो. आणि ते टाकीतलं विरजण तुमच्या फ्रीजरवाल्यापेक्षा कडक असतं. तालमीत घुमलेलं. सहाव्या टाकीचं तर एक नंबर, तिचंच आम्ही सगळीकडे घातलं."

मामा, तुला सांगितलं ना, इंधन बनवणाऱ्या जिवाला ते विष असतं? अब्जांत एखादा असा निघतो, जो आम्ही घातलेली जनुकं टाकून देतो आणि इंधन बनवणं सोडतो. तो आरामात खातो, भराभर वाढतो. ताजी बाटली घेतली की त्याला वाढायला वेळच मिळत नाही. पण टाकीतून टाकीत विरजण घालत गेलं की प्रत्येक फेरीत राबणारे मरतात आणि कामचुकार पोसतात. शेवटी टाकीभर कामचुकारच. तालमीत पहिलवान तयार झाले, पण फुकट खाणारे.

मी तपासलं. काचेच्या बशांवर वाढवलं की माझं मूळ वाण गुलाबी दिसतं, जनुकं टाकून दिलेलं पांढरं. फ्रीजरमधल्या बाटलीची बशी सगळी गुलाबी. सहाव्या टाकीची सगळी पांढरी. परका जंतू एक नाही. डासाने टाकीत काही घातलं नव्हतं. कुणीच नव्हतं घातलं.

हे मी बोलले की डास सुटतो. आणि माझ्या नवऱ्याने एका निरपराध माणसाचा डोळा आणि हात घेतला असं होतं. त्याला हे माहीत नाही. त्याला अजून वाटतं, त्याने चोर धरला. त्याला कसं सांगू?

टिटवी


३ फेब्रुवारी

चि. टिटवे,

दोन दिवस उत्तर मनात फिरवतो आहे. चुकलं तर माझ्या पदरी घाल.

सांगायचं तर आहेच; त्यात दुमत नाही. एक माणूस तारेने बांधलेल्या जबड्याने खाटेवर पडला आहे आणि तुझ्या टेबलावर त्याची सुटका बशीत वाढते आहे. प्रश्न क्रमाचा. मी म्हणतो, आधी घरात सांग, मग बाहेर. जावईबापू तापट आहेत, पण वाकडे नाहीत. लग्नात मांडवाचा खांब सुटला तेव्हा तासभर खांद्यावर धरून उभे राहिलेले मी पाहिले आहेत, आणि नंतर ते कुणाला सांगितलंही नाही. अशा माणसाला चारचौघांत खोटं पाडलं की त्याला मागे फिरायला जागा उरत नाही. एकट्यात बशा पुढे ठेव. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दे. हादरेल, रडेल बहुधा. तेव्हा भांडू नकोस. मग तो आपल्या पायांनी पोलिसांकडे जाईल. शिक्षा कमी होईल आणि तुझा संसारही राहील.

मी तुला कधी उपदेश केला नाही, कारण तू ऐकलं नसतंस. हा पहिलाच. ऐक.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षरावरून ओरडू नकोस. उजवा प्लास्टरमध्ये. पत्ता कोठडीचा आहे. वकीलबाई चांगल्या आहेत, त्यांच्या फाइलमधून पत्रं जातील-येतील.

तू सांगितलंस तसंच केलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर दोन्ही बशा टेबलावर ठेवल्या. गुलाबी, पांढरी. सगळं समजावलं. तो ऐकत होता, काडीने दात कोरत. मी थांबले.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"हेच. तो डास हेच बोंबलत होता. फोरमनसाहेब, तुमचं विरजण नासलंय, तुम्ही बाटलीच वापरत नाही. दहा माणसांदेखत. माझी टाकी, माझी माणसं, आणि हा चिमूटभर इसम मला शिकवणार?"

"म्हणजे तू त्याला चोर म्हणून मारलं नाहीस."

"चोर तर ठरलाय ना तो? मग झालं."

मी म्हटलं, उद्या मी हे लिहून देणार. त्याने बशा उचलल्या आणि भिंतीवर फोडल्या. मग माझे केस धरले. टेबलाची कड तोंडाला लागली, दोन दात गेले. पोटात लाथा मारताना तो बोलत नव्हता. मोजूनमापून काम करतो तसं करत होता. नंतर दाराला बाहेरून कुलूप लावून फिरायला गेला. मी खिडकीतून उतरले.

मी त्याला इतके दिवस अजाण समजत होते. तूही.

सकाळी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत गेले. बशा पुन्हा करता येतील, पण तुलनेला मूळ बाटल्या हव्यात. त्या गेल्या तर फक्त माझा शब्द उरतो. भांडी धुणाऱ्या मावशी आल्या होत्या. दोन बाटल्या सुक्या बर्फाच्या थर्मासमध्ये घालून मी त्यांच्या हातात दिल्या, आणि तो घण घेऊन आत आला. आधी फ्रीजर. दार चेपलं, बिजागऱ्या तुटल्या, बाटल्या फरशीवर सांडल्या आणि त्यांच्यावर तो बुटांनी नाचला. मी मध्ये गेले तर घण माझ्या हातावर आला. हाड बाहेर दिसत होतं, पांढरं, स्वच्छ. मग त्याला मावशींच्या हातातला थर्मास दिसला. तो त्यांच्याकडे वळला. तिथे लहान टाक्या निर्जंतुक करायची वाफेची नळी असते. झटापटीत ती सुटली. वाफ त्याच्या तोंडावर आणि छातीवर गेली. मावशी पळाल्या.

तो जगेल म्हणतात. मॅनेजर म्हणतो, मी मुद्दाम भाजलं.

थर्मास मावशी तुझ्याकडे आणतील. तू ये.

टिटवी


२३ फेब्रुवारी, तुझ्या घरातून

टिटवे,

आलो. कुलूप शेजाऱ्यांनी तोडून दिलं. भिंतीवर गुलाबी-पांढरं वाळलेलं होतं, फरशीवर तुझे दात. दात कागदात ठेवले आहेत. पुरावा असेल म्हणून, आणि फेकवले नाहीत म्हणूनही. भिंत मात्र पुसली नाही.

मी आयुष्यात एकच उपदेश केला आणि त्याचा निकाल मी झाडूने गोळा केला. यावर नंतर बोलू. आत्ता मी बोललो तर तुला माझीच समजूत घालावी लागेल.

मावशी आल्या. दारातच म्हणाल्या, "मामा का तुम्ही? हे धरा. हलवायचं नाही, उघडून बघायचं नाही, आणि भाषण द्यायचं नाही, असं बाईंनी सांगितलंय." तिसरी अट मला लागली. बर्फ उडून जातो, तो संपला की बाटल्या कोमट होतील आणि आतलं मरेल. इतके दिवस मावशींनी घातला, आता मासळीच्या गोदामातून रोज सुका बर्फ मी आणतो. तिथला माणूस विचारतो, "काकांकडे एवढे मासे कसले?" मी म्हणतो, "बारीक आहेत."

हॉस्पिटलात गेलो. आधी तुमच्या डासाला पाहिलं. त्याची बेडी पायाला घातली आहे, कारण उजवीकडे बेडी घालायला मनगट उरलेलं नाही आणि डाव्या हाताला सलाईन आहे. मी कोण ते सांगितलं. त्याने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि तारेमधून म्हणाला, "बाटल्या आहेत?" बाकी काही नाही.

मग वरच्या मजल्यावर जावईबापू. पट्ट्यांमधून तोंड तेवढं उघडं. त्यांनी निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा देतो. पोस्टमनने पत्राशी सहमत असावं लागत नाही.

"मामा, तिला सांगा, नळी सुटली असं ती म्हणते, मीही तेच म्हणेन. अपघात. सोमवारी कोर्टात ती सुटेल. फक्त त्या बाटल्या राहू नयेत. फ्रीजरबरोबर गेल्या म्हणायचं. डास काय, आतच आहे, राहील. तुम्ही शहाणे आहात."

मी शहाणा आहे, टिटवे, म्हणूनच सांगतो: जिन्यावरून उतरताना मी याचा विचार केला. पुरता केला. तू सुटावीस म्हणून मला खोटंही बोलावं लागलं नसतं, कारण नळी सुटली हे तर खरंच आहे. चोरीही करावी लागली नसती. फक्त एक दिवस बर्फ आणायचा विसरायचा. माझ्यासारख्या विसराळू माणसावर कुणी संशयसुद्धा घेतला नसता. त्या खाटेवरच्या माणसाला मी ओळखत नाही. तुला मी पाळण्यात पाहिलं आहे.

आज सकाळी बर्फ आणला. उद्याही आणीन. पण सोमवारचं मी ठरवणार नाही. एकदा ठरवलं होतं.

मामा


२५ फेब्रुवारी

मामा,

बर्फ आण. सोमवारी थर्मास वकीलबाईंच्या नव्हे, कोर्टाच्या हातात दे, आणि पावती घे. बाहेरच्या प्रयोगशाळेने उघडावा अशी मागणी बाई करतील. दातही दे.

आणखी एक, ते मी आज बाईंना लिहून दिलं आहे. सोमवारी मला विचारतील. मी एका ठिकाणी खोटी पडले तर बशाही खोट्या ठरतील, आणि मग त्या माणसाच्या पायातली बेडी निघणार नाही. म्हणून तुला आधी कळलेलं बरं.

नळी सुटली नव्हती. डाव्या हाताने मी वाफेची झडप फिरवली. तोपर्यंत मावशी दाराबाहेर गेल्या होत्या. पहिल्या वाफेतच त्याने घण टाकला होता आणि तोंड झाकून मागे सरत होता. "पुरे," म्हणाला. मी ऐकलं, आणि झडप आणखी उघडली.

टिटवी